मगदूम अण्णांच्या रेघा

कराडच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मगदूम अण्णांनी उभी नोकरी काढली, त्या कॉलेजनं अण्णा गेल्यावर शोकसभा घेतली. व्यासपीठावर पाच खुर्च्या आणि खुर्च्यांत पाच प्राध्यापक. पाचही जणांनी अण्णांना 'थोर संशोधक' म्हटलं. अण्णा तिथं प्रयोगशाळा सहायक होते. म्हणजे सकाळी कुलूप काढायचं, संध्याकाळी लावायचं, आणि मधल्या वेळात या पाचांचे न चालणारे प्रयोग चालवून दाखवायचे. त्यांना त्या इमारतीत कुणी 'बसा' म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ज्या कपाटाला अण्णांनी स्वतःच्या पैशानं कडी बसवली होती, त्या कपाटाला आता अण्णांचं नाव देणार, असंही जाहीर झालं.

अण्णा असते तर एवढंच म्हणाले असते, "थोर कशावरनं? मोजलंय का कुणी?"

मी त्या कॉलेजात दोन वर्षं होते. मग इंजिनिअरिंग सोडून चळवळीत गेले. चळवळीत मला पत्रकं लिहायला शिकवलं. पत्रकाचा नियम सोपा असतो: पहिल्या ओळीत चोर, दुसऱ्या ओळीत चोरी, शेवटी उद्गारचिन्ह. 'कदाचित' हा शब्द पत्रकात चालत नाही. अण्णांचं सगळं बोलणं त्या एका शब्दावर उभं होतं. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो, आणि तो अडखळावा हेच बरं.

जिनपाल मगदूम मूळचे सांगलीकडच्या एका खेड्यातले. जैन शेतकरी घर, भाऊ उसात, हे तारांत. शर्टाच्या खिशाला पेन नसायचं, छोटा स्क्रू-ड्रायव्हर असायचा. सही करायला पेन दुसऱ्याचं मागायचे आणि आठवणीनं परत करायचे. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. कॉलेजात मंत्री येणार होते, प्रयोग दाखवायचा होता, मंत्री उशिरा आले. तोवर अण्णा जिन्याखाली डबा उघडून बसले होते. प्राचार्य शोधत आले तर म्हणाले, "साहेब, मंत्री परत येतील. आजचा सूर्य न्हाई यायचा."

त्यांचा ध्यास एकच होता. हवेतून येणारा बिनतारी संदेश कुठल्या दिशेनं येतो ते ओळखायचं, आणि तेही गरिबाला परवडेल अशा सामानात. असली यंत्रं सरकारी खात्याकडे असतात. गाडीच्या टपावर बसवतात, आणि गाडी बहुतेक वेळ शेडमध्ये असते. अण्णांचं यंत्र स्टीलच्या ताटावर होतं. ताट पालथं घालून त्याला चार भोकं, भोकांत सायकलच्या चाकाच्या चार तारा उभ्या, आणि खाली अंगठ्याएवढं रिसीव्हर. हे रिसीव्हर मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला विकलं जायचं. टीव्ही त्यावर धड दिसायचा नाही, म्हणून स्वस्त मिळायचं.

पहिल्या वर्षाच्या पोरांना ते समजावायचे, "मागनं कुणी हाक मारली तर तुमी बरोबर त्या बाजूला वळता का न्हाई? का वळता? हाक एका कानात आधी पोचती, दुसऱ्यात जरा मागनं. माणसाला कान दोन. माझ्या ताटाला चार. कुठल्या तारंत आधी पोचली तेवढं बघायचं. बाकी सगळी आकडेमोड."

ते ताट काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या संसारातलं. सहा ताटांचा संच होता, तो पाचावर आला, मग चारावर. काकू म्हणायच्या, पाहुणे आले की मी आधी विचारते, ह्यांचा शोध संपलाय का, मग पानं मांडते. पण दर रविवारी यंत्राची परीक्षा असायची आणि तिला परीक्षक काकूच. अण्णा अंगणाच्या मध्ये ताट ठेवून बसायचे, काकू हातात छोटा ट्रान्समीटर धरून कधी फाटकाशी, कधी धुण्याच्या दगडाशी, कधी पेरूखाली उभ्या.

"खिडकीत दाखवतंय तुला," अण्णा म्हणायचे.

"मी दारात हाय."

"यंत्र खिडकीत म्हणतंय."

"मग यंत्राला वाढायला सांगा आज."

अण्णा वहीत लिहायचे: 'दार, चूक बारा अंश.' अशा वह्यांचा ढीग होता त्यांच्याकडे. माझ्या माहितीत स्वतःच्या चुका तारीखवार लिहून ठेवणारा हा एकच माणूस. आमच्या संघटनेत दुसऱ्यांच्या चुकांचं दफ्तर होतं, ते सोडा.

ही सवय त्यांच्या बोलण्यात उतरली होती. स्टँडवर कुणी पत्ता विचारला तर सांगायचे, "असं सरळ जावा, पण थोडं डावीकडं निघू शकतं." उजवा हात लांब करायचे, पंजा उभा धरायचे आणि बोटं पसरायचे. "ह्या बोटापासनं ह्या बोटापतुर. मधी कुठंतरी." पुतणीच्या लग्नात आशीर्वाद द्यायला उभं केलं तर म्हणाले, "बहुतेक सुखाचा होईल." नवऱ्या मुलाचे वडील दोन दिवस बोलले नाहीत.

कॉलेजातल्या पोरांनी ते ताट एका स्पर्धेत नेलं आणि बक्षीस आणलं. फोटोत पोरं होती, पाचातले दोन प्राध्यापक होते, अण्णा नव्हते. मला संताप आला. मी तेव्हा विद्यार्थिनी होते, पण पत्रकाची खाज तेव्हापासूनची. मी म्हटलं, अण्णा, आपण निवेदन देऊ. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "ताट उलटं धरलंय गं त्यांनी."

जतकडच्या एका धनगराचा माडग्याळी मेंढा हरवला होता, त्याची गोष्ट कॉलेजात लोक हसून सांगायचे. मेंढा भारी किमतीचा. मालकानं त्याच्या गळ्यात खुणेचा ट्रान्समीटर अण्णांकडूनच बांधून घेतला होता. अण्णा एसटीनं ताट मांडीवर घेऊन गेले. दिवसभर माळावर फिरून त्यांनी दिशा काढली. ओढ्यापलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. मेंढा जवळच असणार होता, खूण मोठी येत होती. आणि सूर्य टेकला. अण्णांनी ताट खाली ठेवलं, डबा काढला आणि बसले. मालक कानडीत काय काय बोलला ते अण्णांना कळत होतं, पण तोंडात घास होता. त्यांचं जेवण संपायच्या आत मेंढा ओढा ओलांडून आपल्या पायानं आला आणि डब्यातल्या भाकरीला तोंड लावायला लागला. मालक पाया पडला. अण्णांनी पाय मागं घेतले. म्हणाले, "माझी दिशा बरोबर होती. पर आणला मी न्हाई. भुकंनं आला."

आता आमची गोष्ट. ती मी सांगितली नाही तर कुणी सांगणार नाही, कारण ज्यांना माहीत आहे त्या सगळ्यांना ती विसरायची आहे.

म्हसवडच्या अलीकडं करंजमाळ म्हणून गाव आहे. तिथं मोबाईलला नेटवर्क कधीच धड नव्हतं. आमच्या संघटनेनं त्यावर लढा उभा केला. लढ्याचे नेते भाऊ. गावात एक खोली घेऊन कार्यालय थाटलं. लढा रोज फोनवरून थेट दाखवायचा तर नेटवर्क हवं, म्हणून भाऊंनी नेटवर्कचा जोर वाढवणारा एक बूस्टर ऑनलाइन मागवला आणि कार्यालयाच्या छतावर, पाण्याच्या टाकीखाली बसवला. तो बसवल्याबरोबर कार्यालयात फोनच्या पाचही कांड्या उभ्या राहिल्या. 'गावात नेटवर्क नाही' असं भाऊ रोज अगदी स्वच्छ चित्रात सांगायचे. पुण्या-मुंबईचे लोक बघायचे. गावात कुणाला दिसायचं नाही, कारण गावात नेटवर्क नव्हतं.

थोड्याच दिवसांत जे होतं तेही गेलं. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन बंद पडलं. अंगठा लागला नाही तर धान्य नाही, हा सरकारी नियम. दुकान अत्तारचाचांचं. साठीचा माणूस, बापाच्या वेळेपासूनचा परवाना. चाचा मशीन पिशवीत घालून मोटारसायकलनं मागच्या टेकडावर जायचे, तिथं कधीमधी रेंज लागायची. बायाबापड्या मागून चालत वर जायच्या, अंगठा देऊन खाली यायच्या आणि धान्य घ्यायच्या. ज्यांना चढवायचं नाही त्यांचं राहायचं.

भाऊंनी हिशेब मांडला. आपल्या कार्यालयात पाच कांड्या आहेत, म्हणजे गावात नेटवर्क आहे. मग दोनशे पावलांवर चाचांचंच मशीन कसं बंद? त्यांनीच नेटवर्क अडवायचं काहीतरी यंत्र बसवलंय, धान्य बाहेर विकायला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मी तर पुरवठा खात्याकडे तक्रार लिहून दिली. निरीक्षक चार दिवसांनी येणार, पंचनामा करणार आणि चाचांचा परवाना बहुधा जाणार, असं ठरलं. फक्त पुरावा हवा होता. मी म्हटलं, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे.

अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. ताट पिशवीत घालून एसटीनं आले. भाऊंनी माईकवर त्यांची ओळख करून दिली: "अत्याधुनिक यंत्रणेसह तज्ज्ञ." अण्णा मागं वळून बघायला लागले, कोण आलंय म्हणून.

दुपारी त्यांनी शाळेच्या मैदानात ताट मांडलं. कुठूनतरी जोराचा गोंगाट येतोय, हे त्यांनी लगेच सांगितलं. एखादं यंत्र स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळतंय, म्हणाले, स्पीकरपुढं माईक धरल्यावर कुईऽऽ होतं तसं. त्या किंचाळण्यात टॉवरचा आवाज बुडतोय. मग त्यांनी गावाचा नकाशा काढला आणि शाळेपासून एक रेघ ओढली. रेघ बाजारपेठेतून गेली आणि बरोबर अत्तारचाचांच्या दुकानावरून गेली.

मी नकाशावर बोट ठेवलं. "सापडलं."

"रेघ सापडली," अण्णा म्हणाले. "जागा न्हाई. ही रेघ दुकानाच्या अलीकडं बी हाय, पलीकडं बी हाय. उद्या सकाळी दुसऱ्या ठिकाणावनं दुसरी रेघ मारू. दोन्ही जितं कापत्यात तितं बघू."

मी म्हटलं, आत्ताच मारा. त्यांनी सूर्याकडं बघितलं आणि डबा काढला.

मी थांबले नाही. म्हसवडला गेले, पत्रक लिहिलं आणि झेरॉक्स काढून आणलं. मथळा होता: 'मशीन बंद नाही, नियत बंद आहे!' खाली: 'शास्त्रीय यंत्राने दुकानदाराचे पितळ उघडे!' सकाळी उजाडताना आम्ही ते गावभर चिकटवलं. चार पत्रकं चाचांच्या दुकानाच्या भिंतीवर.

अण्णा चहा पिऊन तिकडं आले आणि भिंतीपाशी उभे राहिले. त्यांनी पत्रक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत वाचलं. चाचा दारातच होते. कुलपाची किल्ली या हातातून त्या हातात करत होते.

"हितं 'शास्त्रीय' लिवलंयस," अण्णा मला म्हणाले. "'अर्धवट' लिवायचं ऱ्हायलं."

दुसरी रेघ दूध डेअरीपासून निघाली. ती दुकानाच्या जवळपासही गेली नाही. पहिल्या रेघेला ती आमच्या कार्यालयावर कापत होती. मी म्हटलं, यंत्र चुकलं. अण्णा म्हणाले, "चुकू शकतं," आणि चावडीपाशी जाऊन तिसरी मारली. मी चौथी मारायला लावली. त्यांनी कुरकूर न करता मारली. चारही रेघा एका बिंदूत आल्या नाहीत, तशा त्या कधीच येत नाहीत. एक लहानसा वेडावाकडा चौकोन झाला. त्या चौकोनात तीन घरं होती: एक पडकं, एक गोठा आणि एक आमचं कार्यालय. पडक्या घरात वीज नव्हती. गोठ्यात म्हैस होती.

भाऊंनी दार लावून घेतलं. कालची अत्याधुनिक यंत्रणा आज 'स्वयंपाकघरातलं ताट' झाली होती. भाऊ समजुतीनं बोलत होते. चळवळ मोठी आहे, एका दुकानदारासाठी ती मातीत घालायची का, अण्णासाहेब, तुम्हीच म्हणता ना की चूक असते? तर उद्या निरीक्षकांसमोर तेवढंच सांगा. यंत्र स्वस्तातलं आहे, खात्रीनं सांगता येत नाही. खोटं बोलायला आम्ही सांगत नाही.

अण्णांनी ऐकून घेतलं. "व्हय, ते खरंच हाय," म्हणाले. "तेवढं मी सांगणारच."

मला त्या क्षणी त्यांची चीड आली. असला कसला हा माणूस, म्हटलं, ह्याला पाठीचा कणा म्हणून आहे की नाही. बूस्टर बंद करून बघू, असं मी भाऊंना म्हणाले. भाऊ म्हणाले, निरीक्षक येऊन जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मी हात लावला नाही. कणा माझा कुठं होता ते यावरून कळावं.

निरीक्षक आले. दुकानापुढं पन्नासेक बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या. चाचांनी वह्या मांडल्या, मशीन मांडलं. मशीन गोल गोल फिरणारं चिन्ह दाखवत होतं. निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. भाऊ बोलले, छान बोलले. मग अण्णांना पुढं केलं.

"तुमच्या यंत्राची खात्री किती?" निरीक्षकांनी विचारलं.

अण्णांनी हात लांब केला, बोटं पसरली. "आठ-दहा अंश इकडं-तिकडं. ताट घरचं हाय साहेब. भिंतीवर आदळून आलेला आवाज बी कधीकधी खरा वाटतो."

भाऊ हसले. "म्हणजे खात्री नाही."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "म्हणून माझ्यावर इस्वास ठेवू नका. त्या तिकडच्या खोलीवरचं बटन बंद करा, आणि ह्या आजीचा अंगठा परत लावा. लागला न्हाई तर मी चुकलो म्हणून लिवा. सही करतो. पेन द्या कुणीतरी."

कुणी हललं नाही. कार्यालयाची किल्ली माझ्या कनवटीला होती. अण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ते आजीला विचारत होते, ऊन लागतंय का. मी दोनशे पावलं चालत गेले, छतावर चढले आणि बूस्टरची पिन उपसली. परत आले तेव्हा आजीचा अंगठा मशीनवर होता आणि मशीन तिचं नाव सांगत होतं. मागची बाई पुढं सरकली, तिचाही लागला. मग तिच्या मागचीचा. निरीक्षकांनी टोपण पेनावर बसवलं. पंचनाम्यात दुकानदारावर ठपका नाही असं आलं, आणि तक्रारदार म्हणून माझं नाव आलं.

भाऊ त्याच दिवशी निघून गेले. नंतर कळलं, दुसऱ्या तालुक्यात नेटवर्कसाठी लढा सुरू झालाय.

संघटनेच्या पोरांना मी म्हटलं, दुरुस्तीचं पत्रक काढू. कुणाला वेळ नव्हता. मी एकटीनं लिहायला घेतलं तर माझ्या हातून मथळा होईना. अण्णांना विचारायचं म्हणून त्यांना शोधत दुकानाकडं गेले.

अण्णा भिंतीपाशी उकिडवे बसले होते. चाचा बादली धरून उभे, अण्णांच्या हातात तो खिशातला स्क्रू-ड्रायव्हर. त्यानं ते पत्रकाची कड खरवडत होते. 'मशीन बंद नाही' एवढं निघालं होतं. 'नियत' भिंतीला घट्ट होती. मैद्याच्या खळीत मी फेव्हिकॉल घालते, पावसातसुद्धा पत्रक सुटत नाही, असं मी नव्या पोरांना अभिमानानं शिकवायचे.

"अण्णा, दुरुस्तीचं पत्रक लिहितेय," मी म्हटलं. "काय लिहू?"

"लिव की. पर ते लागंल ह्याच्यावर. ह्यो कागद खालीच ऱ्हाईल." त्यांनी भिंतीवर पाणी मारलं. "तुझी खळ लय चांगली हाय पोरी."

चाचा पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. म्हणाले, बेटा, बाजूला हो, अंगावर उडंल. मी झाले नाही. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि पिशवी उचलली. कराडची एसटी आली होती. मी चौथ्या पत्रकापर्यंत पोचले तेव्हा गाडी फाट्यावरून वळत होती. खिडकीत अण्णा दिसले की नाही, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही. मी भिंतीकडं तोंड करून होते, आणि 'नियत'मधला 'य' अजून निघाला नव्हता.